शाहीन मॅडम आणि सव्वाचारची गाडी

आमच्या कॉलेजच्या सभागृहातला माईकचा स्टँड साडेपाच फुटांवर अडकलेला होता. तो कधी अडकला, कोणी अडकवला, कुणालाच ठाऊक नव्हतं. प्राचार्य चांगले उंच, त्यांना त्याचा त्रास नव्हता, आणि प्राचार्यांना ज्याचा त्रास नाही त्याची दुरुस्ती आमच्याकडे होत नसे. बुटके वक्ते टाचा उंच करून बोलत. एखादी मुलगी बोलायला उभी राहिली की माईक तिच्या कपाळाच्या रेषेत येई. मागच्या ओळींना काही ऐकू जात नसे, मग मागच्या ओळी आपसात गप्पा मारत, आणि शेवटी कोणीतरी म्हणे, "मुलींचा आवाजच बारीक असतो हो."

पांढरकवड्याच्या आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला शाहीन शेख नावाच्या बाई रुजू झाल्या, तेव्हाची ही गोष्ट. वार्षिक विज्ञान परिषदेत हेच वाक्य माझ्या शेजारच्या प्राध्यापकांनी उच्चारलं. मॅडम मागच्या खुर्चीवर होत्या. त्या पुढे वाकून म्हणाल्या, "मोजलं काय सर?"

"काय?"

"आवाज. बारीक आहे म्हणता, तर मोजलं काय?"

चहाची सुट्टी झाली तशा त्या मंचावर चढल्या. पर्समधून लोखंडी पाना काढला, स्टँडच्या नटाला लावला, एक हिसका दिला, दांडा दोनदा वरखाली करून पाहिला, आणि खाली येऊन निवांत चहा घेतला. काम दोन मिनिटांचं. सभागृहात आम्ही डझनभर डॉक्टरेटवाले बसलो होतो, आणि इतक्या वर्षांत एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं.

"मॅडम, पर्समध्ये पाना?" मी विचारलं.

"मग काय ठेवू? अब्बाचं गॅरेज आहे हायवेवर, ट्रकचं. आमच्या घरी पोरीले आधी दहा-बाराचा पाना समजते, मग बाराखडी."

त्या दिवसापासून मुलं त्यांना पाना मॅडम म्हणू लागली. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या मनापासून हसल्या आणि हे नाव आवडल्याचं वर्गात जाहीर करून टाकलं. तो पाना आज माझ्या टेबलाच्या खणात आहे. तो माझ्याकडे कसा आला ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल.

मॅडम ठेंगण्या होत्या आणि भराभर चालत. ओढणी दोन्ही खांद्यांना पिनेनं पक्की केलेली. डबा कधी आणत नसत, ओंजळभर भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा एवढ्यावर दुपार काढत. रागावल्या की आवाज चढण्याऐवजी उतरायचा. आणि ते "मोजलं काय?" तर दिवसातून दहा वेळा. मुलं अभ्यासच करत नाहीत, असं कोणी म्हणालं: मोजलं काय? आदिवासी मुलांना गणित जमत नाही, असं कोणी म्हणालं: मोजलं काय? एकदा मीच म्हणालो की मॅडम, तुम्ही फार भांडता. त्यांनी शेंगदाणा तोंडात टाकला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी म्हणालो, "नाही, मोजलं नाही."

माझ्याबद्दल एवढंच सांगतो की मी प्राणिशास्त्राचा पाठक, परिषदेचा कायमचा सचिव. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेलेल्या, रजिस्टर हे आमचं कुलदैवत. कोणाचा निबंध किती वाजता, कोणाला शाल, कोणाला नुसतं श्रीफळ, सगळं माझ्या अक्षरात. त्या अक्षराचा मला अभिमान होता.

परिषदेच्या पाहुण्यांचं स्वागत प्राध्यापिकांनी करायचं, अशी आमची जुनी रीत. रांगोळी त्यांची, तबक त्यांचं, पुष्पगुच्छ द्यायलाही त्याच. दुसऱ्या वर्षी मी यादीत शाहीन मॅडमचं नाव तबकापुढे लिहिलं. त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "सर, माझा निबंध अडीचले आहे. तुमचा?"

"माझा यंदा नाही."

"मग तुमचे हात रिकामे आहेत."

तबक माझ्या हातात आलं. नागपूरचे पाहुणे पायऱ्या चढून आले, मी पुढे झालो, आणि कुंकवाचं बोट कसं लावायचं हे ऐन वेळी विसरून त्यांच्या नाकावर लावलं. पुढे महिनाभर स्टाफरूममध्ये माझी टर उडत होती. बातमी घरी पोचली तशी आई म्हणाली, "बरं झालं, एवढी वर्षं त्या बायांनी आपला निबंध वाचायचा की तुमची नाकं पुसायची?" पुढच्या वर्षीपासून तबकाची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरू लागली.

वणीच्या कॉलेजचे एक गणिताचे प्राध्यापक होते, लहानपणी पोलिओ झालेले, कुबड्या घेऊन चालत. परिषदेचं त्यांचं सत्र वरच्या मजल्यावर. आम्ही दोन शिपाई नेमले होते. ते सरांना खुर्चीसकट उचलून जिन्यानं वर नेत, आणि जमलेले लोक टाळ्या वाजवत. आम्हाला वाटे, आपण किती मोठ्या मनाचे. शाहीन मॅडमनी एका वर्षी ते दृश्य पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला.

"त्यायले विचारलं काय, कसं वाटते ते?"

"अहो, ते हात जोडतात सगळ्यांना."

"हात जोडतेत, कारण उतरता येत नाही. उचलून नेलं की माणूस पाहुणा राहत नाही सर, सामान होते."

दुसऱ्या वर्षी त्या परिषदेच्या आदल्या दिवशी आल्या आणि स्वतः टेबलं सरकवून खालच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत पन्नास खुर्च्या लावल्या. वणीचे सर कुबड्या टेकत आपल्या पायांनी आत आले. टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत. सरांनी त्या दिवशी दिलेल्या वेळेपेक्षा वीस मिनिटं जास्त घेतली, आणि अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली ती वाचून खिशात टाकली. इतकी वर्षं आम्ही त्यांना फार विनम्र गृहस्थ समजत होतो.

हे सगळं मी हसत सांगतो आहे, कारण त्यात माझं नुकसान फक्त नाकावरच्या कुंकवाएवढं होतं. पुढची गोष्ट तशी नाही.

बोंडअळीची ती वर्षं होती. चहाच्या टपरीवर माणसं हिरवं बोंड नखानं उकलून आतली गुलाबी अळी एकमेकांना दाखवत. लग्नात, बाजारात, बँकेच्या रांगेत तोच विषय. फवारणी करताना माणसं आजारी पडत होती, आणि कधी फवारायचं, कधी नाही, हे कोणीच धड सांगत नव्हतं. आमच्या परिषदेचा विषय मात्र कुठून कुठून उसना आणलेला असे. त्यात सविता टेकाम नावाच्या माझ्या एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीनं स्वतः होऊन कापसाचा विषय घेतला. ती कोलाम समाजातली, झरीकडच्या एका पोडावरची, म्हणजे पाड्यावरची. तिचे वडील रोजानं फवारणीला जात.

"हाच विषय कशाला?" मी तिला विचारलं होतं.

"माह्या बाबानं कोणत्या दिवशी पंप पाठीवर घ्याचा नाही, हे मले सांगता आलं पाह्यजे सर," ती म्हणाली.

पुरा हंगाम ती पहाटे उठून वावरांत लावलेले कामगंध सापळे तपासत होती. मादीच्या वासानं नर पतंग त्या सापळ्यांत येऊन अडकतात. किती अडकले ते ती रोज वहीत लिहायची. जिनिंगजवळच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याजवळच्या वावरांत पतंग आधी दिसतात आणि लांबच्या वावरांत नंतर, असं तिचं म्हणणं होतं. निबंध तिनं आमच्या परिषदेसाठी दिला.

आता आमच्या परिषदेचं वेळापत्रक कसं बनत असे ते सांगतो. उद्घाटन दहाला, म्हणजे साडेअकराला. मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार, शाली, श्रीफळं, आभार. जेवण दोनला. नंतर मोठ्या पदव्यांचे निबंध, मग लहान पदव्यांचे, आणि सगळ्यांत शेवटी विद्यार्थी. माझ्या कचेरीच्या संस्कारांना हा क्रम अगदी स्वाभाविक वाटे. सविताची वेळ होती साडेचारची.

चार वाजता ती माझ्याजवळ आली. "सर, सव्वाचारची गाडी आहे. नंतर थेट गाडी नाही. जाऊ का?"

"जा जा," मी मोठ्या मायेनं म्हणालो, "मी वाचतो तुझा निबंध."

आमच्याकडे ही रीतच होती. विद्यार्थी नसला की मार्गदर्शकानं वाचायचं. मी वाचला, चांगला वाचला, टाळ्याही पडल्या. मग तिसऱ्या ओळीतून नागपूरचे एक ज्येष्ठ कीटकशास्त्रज्ञ उठले. त्यांनी विचारलं, "सापळे किती उंचीवर होते?"

मला माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायला जीभ वळेना. मी म्हणालो, "सगळे एकाच उंचीवर, कमरेएवढ्या."

त्यांनी मान हलवली आणि पेनाचं टोपण लावलं. झाड वाढत जातं तसा सापळाही वर घ्यावा लागतो. पुरा हंगाम एकाच उंचीवर ठेवलेल्या सापळ्याच्या मोजणीला काही अर्थ उरत नाही. हे मला ठाऊक होतं, पुस्तकात शिकवतही होतो, पण त्या क्षणी सुचलं नाही. अहवालात सविताच्या निबंधाखाली शेरा छापून आला: मोजणीची पद्धत सदोष. आणि रजिस्टरात तिच्या नावापुढे मी लाल शाईनं लिहिलं: अनुपस्थित.

शाहीन मॅडम शेवटच्या ओळीत होत्या. बाहेर पडताना त्यांनी एवढंच विचारलं, "सर, तुम्ही ते वावर पाह्यलं होतं?"

मी नाही म्हणालो. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या वर्षीच्या परिषदेचं काम सुरू झालं तेव्हा मॅडमनी माझ्याकडे जुनी रजिस्टरं मागितली. मी खुशीनं दिली. आठवडाभरानं नियोजनाची बैठक होती. मॅडमनी भिंतीवर दोन मोठे आलेख-कागद चिकटवले. एकावर माझ्या रजिस्टरातली शेवटच्या सत्राची नावं, प्रत्येकापुढे त्या मुलाचं गाव. दुसऱ्यावर बसस्टँडवर उभं राहून उतरवून आणलेलं एसटीचं वेळापत्रक.

"पाठक सर, हे तुमचंच अक्षर आहे ना?"

"माझंच."

"मग वाचा. गावातली पोरं, वणी-यवतमाळची पोरं: हजर. झरीकडची, जंगलातल्या गावची पोरं: अनुपस्थित. पोरी तर जवळजवळ साऱ्याच. दरसाल. आता हे दुसरं पाहा. त्या गावच्या गाड्या किती वाजता सुटतेत?"

मी वाचलं. सव्वाचार. चार. पावणेचार. इतकी वर्षं मी ज्या सत्राचं नाव नवोदितांसाठी खास संधी असं लिहीत होतो, ते सत्र नवोदित निघून गेल्यावर भरत होतं. कोणाच्या मनात पाप नव्हतं. नुसतं कोणी बसस्टँडवर गेलं नव्हतं.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, पण मुलं न सांगता निघून जातात, याला अनुपस्थितच म्हणतात."

"नाही सर. आपल्या मर्जीनं येत नाही तो अनुपस्थित. ज्याले गाडी घेऊन गेली तो अनुपस्थित कसा?"

"मग तुमचं म्हणणं काय?"

"दहाले पहिलं सत्र पोरायचं. सत्कार शेवटी."

प्राचार्य खुर्चीत ताठ झाले. "पाहुणा नागपूरहून येणार, त्याला शाल न देता बसवून ठेवायचं? शोभतं का हे आपल्याला?"

"सर, ज्याले शाल पाह्यजे तो थांबते. ज्याले गाडी पाह्यजे त्याले थांबता येत नाही." मॅडमचा आवाज इतका उतरला होता की सगळे पुढे वाकून ऐकत होते. "सूर्य आपल्या हातात नाही, एसटी आपल्या हातात नाही. शाल तेवढी आपल्या हातात आहे."

दोन-तीन जण कुरकुरले. परंपरा, शिष्टाचार, लोक काय म्हणतील, सगळं झालं. मॅडमनी एकेकाला विचारलं, "मोजलं काय?" मग त्या माझ्याकडे वळल्या. सविताचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या संशोधनासाठी तिनं नागपूरला अर्ज केला होता, आणि तिथे स्वतः सादर केलेल्या निबंधाचं प्रमाणपत्र लागत होतं. मार्गदर्शकानं वाचलेला निबंध चालत नव्हता. हे बैठकीत दोघांनाच माहीत होतं, मॅडमना आणि मला.

मी सचिव होतो. मी रजिस्टर उघडलं आणि नव्या पानावर पहिल्या ओळीत लिहिलं: दहा वाजता, विद्यार्थी सत्र. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं, कुटुंबातलाच माणूस उलटल्यावर पाहतात तसं. मग म्हणाले, "करा. फसलं तर तुमच्या नावावर."

"माह्या नावावर लिहा," शाहीन मॅडम म्हणाल्या. "मी तर यंदा रिटायर होऊन राह्यली."

परिषदेच्या दिवशी दहा म्हणजे दहालाच सुरुवात झाली. आमच्या इतिहासातली ती पहिली खेप. प्रमुख पाहुणे योगायोगानं तेच नागपूरचे कीटकशास्त्रज्ञ. त्यांना शालीशिवाय बसायला सांगताना मी दोनदा माफी मागितली. ते म्हणाले, "अहो, शाली ठेवायला माझ्या घरात जागा नाही," आणि मुलांमध्ये जाऊन बसले.

सविताचं नाव पुकारलं. मॅडम आधी मंचावर गेल्या, पर्समधून पाना काढला, माईक तिच्या ओठांच्या रेषेत आणून घट्ट केला आणि शेवटच्या ओळीत जाऊन बसल्या. सविता मराठीत बोलली. सुरुवातीला ती हातातल्या कागदांवरून वाचत होती. जिनिंगजवळच्या वावरांचा नकाशा भिंतीवर आला तसे तिनं ते टेबलावर ठेवून दिले. मागच्या ओळीपर्यंत शब्द न् शब्द ऐकू येत होता.

बोलणं संपलं. पाहुणे उठले, आणि मला कळलं की ते काय विचारणार.

"सापळे किती उंचीवर होते?"

"झाडाच्या एक हात वर सर. झाड वाढलं का सापळा वर घेतला. दर सोमवारी. वहीत लिहून आहे."

"मागच्या वर्षी तर सांगितलं होतं की सगळे एकाच उंचीवर."

सविता टेबलावरचे कागद सारखे करू लागली. तिला माहीत होतं की ते कोणी सांगितलं होतं, आणि ती माझं नाव घेणार नव्हती. मी वळून शेवटच्या ओळीकडे पाहिलं. शाहीन मॅडम माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या चष्मा पुसत होत्या.

मी उभा राहिलो. "ते मी सांगितलं होतं. मी वावर पाहिलं नव्हतं. मला माहीत नव्हतं, तरी सांगितलं. ती म्हणते तेच खरं आहे. मागच्या वर्षीचा शेरा माझ्या उत्तरावर आहे, तिच्या कामावर नाही."

मला वाटलं होतं, जमीन दुभंगेल. तसं काही झालं नाही. पाहुण्यांनी आपल्या वहीत काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं, आणि सविताला म्हणाले, "तुझी ती वही मला जेवणाच्या वेळी दाखव." जेवणात त्यांचं ताट तसंच राहिलं. ते वहीची पानं उलटत होते आणि ती त्यांना सांगत होती. तिच्या नावाच्या प्रमाणपत्रावर तारीख घालताना माझं अक्षर प्रथमच वाकडं आलं.

सत्कार सुरू झाला तेव्हा साडेतीन वाजत आले होते. शालीवाले सगळे थांबले होते, एकही उठून गेला नव्हता. मॅडमचं गणित तिथेही बरोबर आलं. त्यांना सांगितलेलं नव्हतं, पण शेवटचा सत्कार त्यांचाच होता, निवृत्तीनिमित्त. चांगली शाल आणली होती, मानपत्र मी स्वतः लिहिलं होतं. मी दुपारी त्यांना म्हणालोही होतो, "मॅडम, आज शेवटपर्यंत थांबा बरं."

"पाहू," त्या म्हणाल्या होत्या.

शेवटच्या सत्कारासाठी चारच्या सुमारास प्राचार्य माईकपाशी आले आणि त्यांना खाली वाकावं लागलं. माईक अजून सविताच्या उंचीवर होता. त्यांनी नटाला हात घातला. तो हलेना. तसेच वाकून त्यांनी नाव पुकारलं, "शाहीन शेख मॅडम." टाळ्या सुरू झाल्या आणि थांबल्या. शेवटच्या ओळीतली खुर्ची रिकामी होती. त्यांनी पुन्हा पुकारलं.

मी बसलो होतो तिथून खिडकी दिसत होती. मॅडम फाटकातून भराभर बाहेर पडत होत्या. बरोबर सविता आणि झरीकडच्या आणखी तीन मुली होत्या. एका मुलीची पोस्टरची मोठी गुंडाळी मॅडमनी काखेत मारली होती, आणि रस्त्यावरच्या कुठल्याशा रिक्षाला त्या हात करत होत्या. एकदाही त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"पाठक, मॅडम कुठे आहेत?" प्राचार्यांनी मंचावरून विचारलं.

माझ्या रजिस्टरावर त्यांचा पाना ठेवलेला होता. जाता जाता कधी ठेवला, मला कळलंही नाही. मी तो बाजूला केला, सत्काराच्या यादीतलं शेवटचं नाव शोधलं, लाल पेन उघडलं आणि त्या नावापुढे लिहिलं: अनुपस्थित. इतक्या वर्षांत त्या रजिस्टरात मी खरा लिहिलेला तो पहिला शेरा.

मग पाना घेऊन मंचावर गेलो आणि प्राचार्यांसाठी माईक वर करून दिला.